लिफ्टमधली उजळणी

आमची मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही खांदा कॉलनीतलं भाड्याचं घर सोडून विचुंब्याला नव्या इमारतीत राहायला आलो. जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. नवं घर बी विंगमध्ये चौदाव्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट दोन होत्या. बायकोला स्वयंपाकघराची खिडकी आवडली, मला बाल्कनी आवडली आणि मुलीला लिफ्ट आवडली. पहिले काही दिवस तर तिचा असा समज होता की आपण लिफ्ट घेतली आहे आणि घर तिच्यासोबत मिळालं आहे.

मी तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. बायको बँकेत. दिवसभर दोघंही आकड्यांत वावरणारे, त्यामुळे मुलीला आकडे लवकर यावेत अशी आमची इच्छा होती आणि आकडे तर लिफ्टमध्ये आयते लावलेले होते. गोल, चकचकीत, दाबले की लाल होणारे. मी तिला कडेवर उचलून घ्यायचो, ती बटण दाबायची, आणि लिफ्ट वर जाताना भिंतीतली बाई इंग्रजीत मजला सांगायची. तिने सांगितला की मी तोच मराठीत सांगायचो. फोर, चार. फाइव्ह, पाच. मुलगी माझ्या मागून म्हणायची. महिन्या-दोन महिन्यांत तिला सगळी बटणं ओळखू यायला लागली आणि आम्ही ते नातेवाइकांना सांगायला लागलो.

कोणी घरी आलं की चहाबरोबर हा कार्यक्रम असायचा. "म्हणून दाखव बाळा." मग ती हात मागे बांधून, छताकडे बघत म्हणायची, "जी, पी, एक, दोन, तीन..." सतरापर्यंत जाऊन थांबायची आणि शेवटी "टी" म्हणून मान खाली करायची. लोक टाळ्या वाजवायचे. सुरुवातीचा जी म्हणजे तळमजला, पी म्हणजे पार्किंग आणि शेवटचा टी म्हणजे गच्ची, हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. माझ्या मावशीला वाटलं, इंग्रजी माध्यमात असंच शिकवत असतील.

आम्ही तिला मराठी माध्यमात घातलं. न्यू पनवेलला एक शाळा आहे, तिथल्या बालवर्गात. वर्गाच्या बाई तरुण होत्या. पंचविशीच्या असतील. कधी आवाज चढवायच्या नाहीत. शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले आणि त्यांचा निरोप आला, दोघंही भेटायला या.

आम्ही गेलो. बालवर्गाच्या त्या ठेंगण्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. मुलगी कोपऱ्यात ठोकळे रचत होती.

"घरी आकडे शिकवता का?" बाईंनी विचारलं.

"शिकवतो ना," मी म्हणालो. "सतरापर्यंत येतात तिला."

"तेच विचारायचं होतं. सतरापर्यंतच का?"

"म्हणजे?"

"नाही, लोक दहापर्यंत शिकवतात. वीसपर्यंत शिकवतात. सतरापर्यंत शिकवलेलं मी पहिल्यांदाच बघते आहे."

माझी मुलगी बरोबर सतरावर का थांबते, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. मी बायकोकडे पाहिलं. ती बाईंच्या टेबलावरच्या चिंचोक्यांच्या डब्याकडे बघत होती.

बाई पुढे म्हणाल्या, "पाठांतर छान आहे. पण मोजता येत नाही. पहिल्या दिवशी तिला पाच चिंचोके दिले आणि मोजायला सांगितलं. पहिल्यावर बोट ठेवून ती म्हणाली, जी. मला वाटलं, मला म्हणते आहे. हिंदी बोलणाऱ्यांच्या शेजारात राहत असेल. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, पी. मला वाटलं, पाणी हवंय. मी बाटली दिली. ती प्यायली आणि तिसऱ्या चिंचोक्यावर बोट ठेवून म्हणाली, एक. शेवटी म्हणाली, तीन. पाच चिंचोके होते, तिने तीन सांगितले. दहा दिले तर आठ सांगते. प्रत्येक वेळी दोन कमी."

मी प्रयोगशाळेतला माणूस. मी म्हणालो, "म्हणजे चूक प्रत्येक वेळी सारखीच आहे. हे चांगलं आहे. काटा बिघडला असला तरी रोज तेवढाच बिघडलेला असला, तर..."

बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला.

"आणि परवा," बाई म्हणाल्या, "परवा तिने मोजलंच नाही. सात चिंचोके ठेवले, तिने त्यांच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पाच. मी विचारलं, अगं, एक-दोन-तीन-चार कुठे गेले? तर म्हणाली, तिथे कोणी चढणार नव्हतं."

हे ऐकल्यावर बायको हसायला लागली. तिला आवरेना. त्या ठेंगण्या खुर्चीवरून ती जवळजवळ पडली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"लिफ्ट," बायको डोळे पुसत म्हणाली. "ती लिफ्ट मोजते आहे."

मग आम्ही बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलीला हाक मारून विचारलं, "उलटे म्हणता येतात का गं आकडे?" मुलगी लगेच चौदापासून खाली निघाली आणि एकदाही न अडखळता, मधले आकडे नीट ऐकूही येणार नाहीत इतक्या भराभर, एकपर्यंत आली, मग "पी, जी" म्हणाली आणि दप्तर उचलून दाराकडे चालायला लागली. तिच्या मते आता खाली उतरलो होतो आणि शाळेची गाडी उभी असणार होती.

"वर्गात कोणालाच उलटे येत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण आपण सरळपासून सुरुवात करू."

मी त्या संध्याकाळीच कामाला लागलो. जेवणाच्या टेबलावर बिस्किटं ओळीने मांडली आणि मुलीला समोर बसवलं.

"हे बघ, मोजायला सुरुवात एकपासून होते. हे पहिलं बिस्किट. हे एक."

"आणि याच्या खाली काय आहे?"

"खाली काही नाही. टेबल आहे."

"मग टेबल जी आहे."

"टेबल मोजायचं नाही. बिस्किटं मोजायची."

तिने एक बिस्किट उचलून परत ठेवलं. मग म्हणाली, "जीवर वॉचमनकाका असतात."

"असतात."

"ते मोजायचे नाहीत?"

"ते मोजायचे. पण माणूस म्हणून. मजला म्हणून नाही."

"त्यांना वाईट वाटेल."

मी म्हणालो, वाईट वाटणार नाही. ती म्हणाली, विचारू या. आम्ही खाली गेलो. वॉचमनना मी काय विचारणार होतो, हे मलाच नीट माहीत नव्हतं. मुलीनेच विचारलं, "काका, बाबा म्हणतात तुम्हाला मोजायचं नाही. चालेल?" त्या भल्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "साहेब बोलतात तर चालेल." नंतर बरेच दिवस तो मला जरा जास्तच ताठ उभा राहून सलाम करायचा. मी सोसायटीला सांगून त्याला काढायला निघालो आहे असं त्याला वाटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बिस्किटांनी काही झालं नाही. नंतर मी भेंड्या वापरल्या, मग कपडे वाळत घालायचे चिमटे. सगळ्यांना तळमजला होता, सगळ्यांना पार्किंग होतं. चिमटे दोरीवर लावले तर ती म्हणाली, ही लिफ्ट आडवी आहे. शेवटी मार्ग काढला तो बाईंनीच. त्यांनी मुलांना मैदानावर पळायच्या रेषेवर उभं केलं आणि आमच्या मुलीच्या कानात सांगितलं, "जी म्हणजे रेडी. पी म्हणजे स्टेडी. ते मनातल्या मनात म्हणायचं. खरं पळायला सुरुवात एकपासून." हे तिला पटलं. तळमजला काढून टाकायचा नव्हता, नुसता मनात म्हणायचा होता, म्हणजे वॉचमनकाकांची सोय झाली.

फक्त मनातल्या मनात म्हणताना ती मान हलवायची. एकदा रेडीला, एकदा स्टेडीला. त्या वर्षात आमच्या मुलीने काहीही मोजायच्या आधी दोनदा मान लववली. बाजारात लिंबं मोजताना तिने अशी मान लववली तर भाजीवाल्या मावशींना वाटलं, नमस्कार करते आहे. "किती संस्कारी पोर," म्हणून त्यांनी कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. एकदा रात्री जेवताना बायको पोळ्या मोजत होती, तेव्हा तिचीही मान दोनदा हललेली मी पाहिली. मी काही बोललो नाही, कारण प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजताना माझीही हलायला लागली होती.

आता मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्या मजल्यावरून झाला. त्या मूळच्या उरणकडच्या. साठीच्या आसपास, नवरा कुवेतला नोकरीला, मुलगाही तिकडेच. घरात एकट्या असायच्या. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं कामावर असायचो, तेव्हा मुलगी त्यांच्याकडे राहायची. हे त्यांनी स्वतःहून सुचवलं होतं आणि त्याबद्दल काही बोलू दिलं नव्हतं. आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. मुलीला वाटायचं, त्या खाली राहतात म्हणून खाला. त्या हिशोबाने आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना ती एकदा लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर "वराला" म्हणाली. त्या काकूंनी आम्हाला घरी कसलं वळण आहे ते विचारलं.

खाला आमच्या खाली राहायच्या, म्हणजे तेराव्या मजल्यावर. पण आमच्या इमारतीत तेरावा मजला नव्हता. बिल्डरने लिफ्टवर, जिन्यात आणि दारांवर तेराच्या जागी "बारा-ए" लिहून ठेवलं होतं. भिंतीतली बाई म्हणायची, ट्वेल्व्ह ए, आणि मी काही विचार न करता मराठीत म्हणायचो, बारा-ए. त्यामुळे मुलीच्या उजळणीत अकरा, बारा, बारा-ए, चौदा असा क्रम पक्का बसला होता. वर्ग दहापर्यंत होता तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. वर्ग दहाच्या पुढे गेला आणि बाईंचा दुसरा निरोप आला.

"तेरा म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "मी म्हणते, बाराच्या पुढे तेरा. ती म्हणते, तेरा नसतो. मी म्हणते, असतो. ती म्हणते, मी बघितलेला नाही. आता वर्गातली आणखी मुलं म्हणायला लागली आहेत की तेरा नसतो."

"आमच्या इमारतीत खरंच नाही," बायको म्हणाली.

बाईंना ते नीट कळलं नाही. बालवर्गाच्या मुलांच्या घरी एकदा जाऊन यायची त्यांची पद्धत होती, तर त्या म्हणाल्या, शनिवारी येते. शनिवारी मी त्यांना घ्यायला खाली गेलो. मुलगी त्यांचा हात धरून लिफ्टमध्ये शिरली आणि यजमानाच्या थाटात म्हणाली, "आता ऐका." लिफ्ट निघाली. मुलगी प्रत्येक मजल्याला बाईंकडे बघत होती. बारा आलं. मग भिंतीतून आवाज आला, ट्वेल्व्ह ए. मग चौदा.

दार उघडलं तरी बाई तिथेच उभ्या. "ही मला रोज सांगत होती," त्या म्हणाल्या, "आणि मी रोज खोडत होते."

मुलीने त्यांना आमच्या घरी बसूच दिलं नाही. पुरावा दाखवायला ती त्यांना जिन्याने एक मजला खाली घेऊन गेली. खालांनी दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं, चहा ठेवला. बाईंनी विचारलं, "तुम्ही नक्की कितव्या मजल्यावर राहता?"

"आता काय सांगू तुम्हाला," खाला म्हणाल्या. "तेराव्यावर सांगितलं तर माणूस लिफ्टमध्ये बटण शोधत राहतो. बारा-ए सांगितलं तर सगळे ए विंगच्या बाराव्यावर जातात. कुवेतवरून मुलाने खजूर पाठवला, तिकडे गेला. माझी रक्तदाबाची औषधं तिकडे गेली. पिझ्झा मागवला होता एकदा, ह्या पोरीसाठी, तो तिकडे गेला आणि त्यांनी खाल्लासुद्धा. वरून फोन करून सांगितलं, चाची, चीज कमी होतं."

"मग बिल्डरला सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. तो म्हणाला, तेरा मनहूस समजतात. मी म्हणाले, अरे, समजू दे ना ज्याला समजायचं त्याला. माझा पिझ्झा मनहूस झाला त्याचं काय?"

बाईंनी पर्समधून चिंचोके काढले. मला वाटतं, त्या ते कायम जवळ बाळगत असाव्यात. त्यांनी जमिनीवर एकावर एक असे मजले मांडायला सांगितले आणि मुलीने खालून वर अशी रांग लावली, आधी दोनदा मान लववून. बारा झाल्यावर पुढचा चिंचोका ठेवला आणि म्हणाली, "बारा-ए."

"तुला घरी काय म्हणून हाक मारतात?" बाईंनी विचारलं.

मुलीने घरातलं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, मोठी झाल्यावर तिने वाचलं तर भांडण होईल.

"आणि शाळेत हजेरी घेताना मी काय म्हणते?"

तिने शाळेतलं नाव सांगितलं.

"पण मुलगी एकच ना? तसंच आहे हे. याचं खरं नाव तेरा. बारा-ए हे त्याचं घरातलं नाव आहे."

मुलीने तो चिंचोका उचलून उलटसुलट करून पाहिला. मग खालांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही तेरावर राहता?"

"राहते की," खाला म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"मग बटणावर खरं नाव का नाही?"

बाई चिंचोके पर्समध्ये भरायला लागल्या. मी उरलेला चहा संपवला. खाला मात्र चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या, "हेच तुझ्या बाबांना मिटिंगमध्ये विचारायला सांग."

असा तो विषय सोसायटीच्या सभेत गेला. आमचे चेअरमन म्हणजे पहिल्या मजल्यावर राहणारे एक काका. इमारत उभी आहे ती जागा मूळ त्यांच्या घरची, भातशेतीची. जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले, त्यांतला पहिल्या मजल्यावरचा त्यांनी स्वतःला ठेवला. वर का राहत नाही म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "आमाला जमीन दिसाला पायजे. वर काय, नुसता वारा." अंगात पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि सभेत कोणी इंग्रजी बोलायला लागलं की डोळे मिटायचे.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी उभा राहून म्हणालो की बारा-ए काढून तेरा लिहावं. कारण म्हणून खालांची औषधं सांगितली. मुलगी शेजारी बसली होती, पण तिचं कारण मी सांगितलं नाही.

खालांच्याच मजल्यावर समोर राहणारे एक गृहस्थ लगेच उठले. वास्तूचा त्यांना नाद होता. दारात एवढी लिंबं-मिरच्या टांगायचे की त्यांच्याकडे काही समारंभ आहे असं वाटायचं. ते म्हणाले, "मी बारा-एवर घर घेतलंय. उद्या ते तेरा झालं तर मला झोप लागायची नाही."

"तुम्ही आत्ताही तिथेच झोपता," खाला म्हणाल्या.

"ते मला माहीत नसतं, तोवर ठीक आहे."

मग एकाने सुचवलं, तेरा गाळूनच टाका, बाराच्या वरच्या मजल्यालाच चौदा म्हणा. मग आमच्या चौदाला काय म्हणायचं, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, चौदा-ए. पंधराव्या मजल्यावरचे लोक उठले. त्यांना वाटलं, आता आपल्यालाही ए लागणार. ए विंगचे लोक म्हणाले, ए हे अक्षर आमचं आहे, ते बी विंगमध्ये वापरलंच कसं? एवढा वेळ हा मुद्दा कोणाला सुचला नव्हता, आणि आता तो सगळ्यांनाच महत्त्वाचा वाटायला लागला. पिझ्झा खाल्लेलं कुटुंब त्यात सगळ्यांत पुढे होतं.

चेअरमनकाकांनी डोळे उघडले. "मी बिल्डरला तवाच बोललो व्हतो," ते म्हणाले. "तेरा कुटं गेला? तो बोलला, शेट, सगलीकडं असाच करतात. मी बोललो, आमचे शेतान तेरा खाचरा व्हती. आमी कदी असा नाय बोललो का ह्या खाचराला तेरा बोलाचा नाय. भात नाय का पिकला? पिकला." मग वास्तुवाल्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "तुमचे दारावर तुमी काय पण लिवा. बटनावर तेरा लागल."

ठराव झाला. पण लिफ्टच्या कंपनीचा माणूस आला आणि त्याने सांगितलं की बटणावर चिकटपट्टी लावता येईल, भिंतीतल्या बाईचं बोलणं बदलायचं तर आतलं सगळं यंत्र बदलावं लागेल. सोसायटीने चिकटपट्टीवर समाधान मानलं. आजही आमच्या लिफ्टमध्ये तेरा दाबलं की ती ट्वेल्व्ह एवर थांबते.

मुलीने पहिल्या दिवशीच याचा निकाल लावला. "लिफ्टला तेरा लिहिता येतं," ती म्हणाली, "पण बोलता येत नाही." बाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, असतात तशी मुलं वर्गात, हळूहळू बोलतात.

खालांची पार्सलं त्यांच्याकडे यायला लागली. वास्तुवाल्या गृहस्थांनी दारावर बारा-ए तसंच ठेवलं, आणि त्यामुळे त्यांची पार्सलं ए विंगला जात राहिली. त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

बालवर्गाचं वर्ष संपत आलं तेव्हा एकच गोष्ट राहिली होती. सतराच्या पुढे काय, हे मुलीला विचारलं की ती म्हणायची, गच्ची. बाईंनी अठरा शिकवलं, ती म्हणायचीही, पण कोणाच्या तरी समाधानासाठी म्हणावं तसं. तिच्या मते आकडे सतराला संपत होते आणि त्यावर आकाश होतं. मीही फार जोर केला नाही. वर्षभरात मी बराच शहाणा झालो होतो.

एका रविवारी संध्याकाळी मी तिला घेऊन गच्चीवर गेलो. चेअरमनकाका तिथे होते. गच्चीच्या एका कोपऱ्यात त्यांच्या घरचे सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, वाळत घातलेले असायचे. वासाबद्दल तक्रारी व्हायच्या, त्या चेअरमनकडेच जायच्या आणि चेअरमन त्या डोळे मिटून ऐकायचे. ते उकिडवे बसून सोडे उलटे करत होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक नवी इमारत वर येत होती. क्रेन थांबलेली होती. वरच्या उघड्या स्लॅबवर दोन कामगार बसून काहीतरी खात होते.

मुलगी कठड्याशी उभी राहून, मान दोनदा लववून, समोरचे मजले मोजायला लागली. मी तिच्या फ्रॉकचं टोक धरून ठेवलं. ती सतरापर्यंत गेली आणि थांबली. वर आणखी मजले होते.

"ते गच्चीच्या वर गेले," ती म्हणाली.

"अठरावा आहे तो," मी म्हणालो.

"आणि त्याच्यावर?"

"एकोणीस."

तिने तो मोजला. मग वर बसलेल्या कामगारांकडे बोट दाखवलं. "ते आणखी एक बांधणार?"

"बांधतील."

"मग त्याच्यावर आणखी एक?"

"हो."

"मग त्याच्यावर?"

मी काही म्हणायच्या आत काका सोडे झटकत म्हणाले, "परवानगी हाय तवर बांधतील."

"आणि परवानगी संपल्यावर?"

"मंग गच्ची."

"मग आकडे तिथे संपतात?"

काकांनी हातातला सोडा खाली ठेवला. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारत होतं, पण ते गोंधळलेले दिसले नाहीत. "नाय गं पोरी," ते म्हणाले. "आकडे नाय संपत. परवानगी संपते."

ती पुन्हा कठड्याकडे वळली. मग समोरच्या इमारतीकडे बघतच पुढे म्हणायला लागली. वीस. एकवीस. जे मजले अजून बांधलेले नव्हते ते ती हवेत बोट ठेवून मोजत होती, आणि बोट हळूहळू वर जात होतं. जिथे अडली तिथे मी सांगत होतो. बावीस, तेवीस. पंचवीसला काका उठून आमच्याजवळ आले आणि तेही म्हणायला लागले. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

"नववीस," मुलगी म्हणाली.

"एकोणतीस," मी म्हणालो.

तिने बोट तसंच वर धरून माझ्याकडे पाहिलं. "एकोणतीस म्हणजे?"

"म्हणजे तीसला एक कमी."

"पण तीस अजून आलेच नाहीत."

"नाही आले."

"मग एक कमी आहे हे कसं कळलं?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटले होते. मी म्हणालो, "असंच म्हणतात गं." ती म्हणाली, बाईंना विचारायला हवं, आणि तीस म्हणाली.